वाफशावर सुटलेला ट्रॅक्टर

अप्पा, बाहेर रिमझिम आहे आणि केशवापुरातल्या रिक्षाही दुरून कुठूनतरी चालल्यासारख्या ऐकू येतात. मी तुमच्या हाताखाली नवी वकील होते तेव्हाचा एक दिवस सारखा डोळ्यांपुढे येतोय. सावकाराने जप्त करवलेली एक बैलजोडी सोडवायची होती. मी रात्रभर जागून अर्ज लिहून आणला होता. तुम्ही तो न वाचताच बाजूला ठेवता. "बैल बघितलेस?" "नाही." "मग लिहिलंस काय? चल." आपण अळणावरला जाणाऱ्या बसमध्ये बसतो. धुक्यात सागाची झाडं उभी आहेत. गोठ्यात बैल माझा हात हुंगतो, त्याचा ओला श्वास मनगटावर राहतो. परतताना तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणता, "शेतकऱ्याचा नांगर आणि बैल जप्त करता येत नाहीत. अख्ख्या कायद्यात मला हेच वाक्य फार आवडतं बघ."

गेल्या महिन्यात त्याच बाजूची एक बाई माझ्याकडे आली. नवरा गेल्यापासून शेती तीच बघते, ट्रॅक्टरही तीच चालवते. तो गहाण होता, हप्ते थकले होते. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी तिला शेतातच खाली उतरवून ट्रॅक्टर नेला. "अक्का, थकले ते खरंच," ती म्हणाली, "पण हात धरून उतरवायचं काय?"

तुमचं वाक्य मी कितीदा वाचलं. पण अप्पा, ते बैलांना वाचवतं तसं गहाण ट्रॅक्टरला वाचवत नाही. म्हणून आधी तिच्याबरोबर ट्रॅक्टर बघायला गेले. उणकलच्या पुढे एका आवारात ओढून आणलेले ट्रॅक्टर सकाळच्या धुक्यात बसलेल्या गुरांसारखे दिसत होते. ती सरळ आपल्या ट्रॅक्टरपाशी गेली. सीटवरची वाकळ भिजून जड झाली होती. ती पिळून तिने परत अंथरली. काय बोलायचं ते मला तिथंच कळलं.

कोर्टात मी एवढंच म्हटलं, की वसुलीसाठी कोर्ट आहे, बळजबरीने शेतातून ट्रॅक्टर ओढून नेता येत नाही. समोरचे वकील करार वाचत राहिले. न्यायाधीशांनी कन्नडमध्ये तिलाच विचारलं, "पेरणी कधी?" तीही कन्नडमध्येच म्हणाली, "वाफसा आलाय, साहेब. ही ओल गेली की यंदाची पेरणी गेली." मग हुकूम झाला: दावा चालेल तोवर ट्रॅक्टर तिच्याकडे राहील.

आवारातून तो तिनेच चालवत नेला. हप्ते फिटलेले नाहीत, दावाही संपलेला नाही. पण भात पेरून झालंय.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील इथंच. एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. हुकूम झाला त्या संध्याकाळी घरी आले आणि चपला काढता काढता ओरडले, "अप्पा, सुटला हो!" आणि तुम्ही आतून काहीतरी विचाराल म्हणून दारातच थांबले, बराच वेळ.