भाकरीपुरतं कडवं

आई, तुझ्या त्या संध्याकाळच्या मालिकेचं शीर्षकगीत मी गेल्या महिन्यात पुन्हा वाजवलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कुकटपल्लीच्या घरी मी करोके ट्रॅक करते. गाण्याचं सगळं वादन त्यात असतं, गळा तेवढा ज्याचा त्यानं आणायचा. जुन्या मालिकांच्या गाण्यांचे ट्रॅक कुठे मिळत नाहीत, म्हणून इथल्या मराठी बायका माझ्याकडे येतात. "एवढी शिकलीस आणि शेवटी वाजंत्री झालीस," असं तू म्हणाली असतीस, आणि सगळ्या गल्लीला कौतुकानं सांगत सुटली असतीस. कीबोर्डवर धूळ बसू नये म्हणून त्यावर तुझी मोरपंखी साडी घालून ठेवते. हीच साडी मी कॉलेजच्या गॅदरिंगला गुपचूप नेसून गेले होते. "साडीचं काही नाही गं, पण विचारायचं तरी," असं म्हणून तू दोन दिवस अबोला धरला होतास.

मलकपेठच्या एका बाईंनी महिला मंडळासाठी तुझंच गाणं मागितलं. मला ते शोधून ऐकायचीही गरज वाटली नाही. आपलं चिक्कडपल्लीचं स्वयंपाकघर, बाहेरच्या खोलीत टीव्ही, आणि तू परातीत ज्वारीची भाकरी थापते आहेस. टीव्हीवरचं गाणं संपतं, तुझं चालूच राहतं. 'वाट पाहता पाहता, दूध गेलं ना गं उतू,' एवढं म्हणून तू थांबतेस, भाकरी तव्यावर टाकतेस, वरून पाणी फिरवतेस आणि पुढची ओळ उचलतेस. मी ते सगळं वाजवलं, मधलं थांबणंसुद्धा, आणि शब्दांसकट पाठवून दिलं.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "अहो, हे दुसरं कडवं कुठून आणलं? पूरा मोबाइल धुंडाळला, गाण्यात ते हैच नाही. मधीच का थांबायचं, मालूमच होत नाही. आमच्या बायका परेशान झाल्यात. काढून टाका."

मी मूळ गाणं लावलं. खरंच नव्हतं. बंगल्यात राहणाऱ्या श्रीमंतांची मालिका ती, तिच्या गाण्यात दूध कशाला उतू जाईल? इतक्या वर्षांत मला शंकासुद्धा आली नाही. टीव्हीवरचं गाणं मिनिटभराचं, भाकरीला त्याहून जास्त वेळ लागतो. उरलेलं तू मनानं भरून काढलं होतंस. मी एकटीच हसले आणि मग रडले. ते कडवं माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. कापलं असतं तर कायमचं गेलं असतं. बाईंना म्हटलं, "एकदा येऊन गाऊन दाखवते. नाही पटलं तर कापते." तालमीत त्यांना सांगितलं, इथं भाकरी तव्यावर टाकायची, घाई करायची नाही. त्यानंतर एकही चुकली नाही.

रविवारी बारा जणी गायल्या. त्या जागी बाराही जणी एकदम थांबल्या, एकदम उचललं. लोकांनी तेच कडवं पुन्हा गायला लावलं. कार्यक्रम संपल्यावर बाईंनी माइकवर विचारलं, "हौ, पण हे लिहिलं कुणी?" माझ्या तोंडून "मीच" असं निघून गेलं.

पुढच्या तालमीला त्यांना खरं सांगणार आहे. हे पत्र घडी घालून कीबोर्डवर, तुझ्या साडीखाली ठेवते. यावेळीही विचारलं नाही, आई. आणि टाळ्या पडल्या तेव्हा मला फार छान वाटलं.