पहिल्या रांगेतली खुर्ची

बिश्केक, मंगळवार

प्रिय बुरुलचा,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. अल्माटीला लेकीकडे नीट पोचलीस ना? जायनागुलच्या स्वयंपाकघरात शिरू नकोस. शनिवारच्या स्पर्धेपर्यंत बोटं पिठात नकोत, त्या रंग जुळवायच्या क्यूबवर हवीत. इकडे मी तू तळून ठेवलेले बोरसोक पुरवून पुरवून खातोय.

काल कारखान्यात गंमत झाली. एक मशीन अडखळतंय हे मी गल्लीतूनच ओळखलं. बघतो तर मशीन धडधाकट. नवी पोरगी सरळ शिवणीवर सुसाट पळवायची आणि कोपरा आला की थबकायची. तू आठवलीस. त्याच बाकावर बसून नव्या मुलींवर ओरडायचीस, "सुईकडे काय बघतेस, बयो? सुई कुठे पळून चाललीय का? पुढची शिवण बघ!" मी तेव्हा या कारखान्यात मशिनींना तेल घालायचो. आज मालक झालो, पण कान तेच आहेत. तीस मशिनींत तुझं मशीन कधीच जोरात नसायचं, फक्त त्यात खंड नसायचा.

वसंतातल्या इथल्या स्पर्धेत मात्र खंड पडला. मी पहिल्या रांगेत घड्याळ धरून बसलो होतो. पहिला डाव दोन मिनिटं नऊ सेकंद. दुसऱ्यात तू कडा जुळवत होतीस आणि मी खाकरलो. दोन मिनिटं चौदा. पहिल्या दोनांतला एकही डाव दोन मिनिटांच्या आत नाही, म्हणून नियमाप्रमाणे पाचांतले उरलेले तीन तुला मिळालेच नाहीत. येताना बसमध्ये म्हणालीस, "म्हातारबा, बोटं संपली माझी. अल्माटीत एकदा बघते. नाही जमलं तर हे खूळ बंद, क्यूब जायनागुलच्या माळ्यावर." आणि मी काय बोललो? "वय झालं, चालायचंच."

आता जे सांगतोय ते तुला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात भरदुपारी विसरलेला पेचकस न्यायला घरी आलो. दारात बूट काढत होतो, आत तुझा पाचथरी क्यूब चालू होता. एरवी तो मला असा ऐकू येतो: खडखडखड, मग शांतता, पुन्हा खडखड, पुन्हा शांतता. त्या दुपारी ती शांतताच नव्हती. आधी सहाही बाजूंचे मधले नऊ-नऊ ठोकळे, आतल्या थरांचा जाड आवाज. मग कडेचे तीन-तीन तुकडे. शेवटी सगळा क्यूब जणू लहानसा होऊन सरसर जुळला. घाई कुठेच नाही. हात एक तुकडा बसवतोय तोवर डोळ्यांनी पुढचा हेरून ठेवलाय, हे मला भिंतीआडून कळत होतं. अठ्ठ्याण्णव तुकडे, आणि एकासाठीही थांबली नाहीस! घड्याळ बघितलं, एक मिनिट अठ्ठेचाळीस. तू तो विस्कटून पुन्हा लावलास. एक्कावन्न. एक बूट पायात, एक हातात. चाळीस वर्षं यंत्रं ऐकली, बायबिचे, माझ्या घरधनिणी, पण असं चालणारं काही ऐकलं नव्हतं. पेचकस न घेताच परत गेलो. संध्याकाळी समोर बसून म्हटलं, "हं, लाव बघू." दोन मिनिटं अकरा.

शनिवारी मी यावं म्हणालीस, जायनागुलने पहिल्या रांगेत खुर्चीही धरलीय. मी येतोय, पण त्या खुर्चीत बसणार नाही. तुझी बोटं म्हातारी झालेली नाहीत, बुरुलचा. तुझी अडचण म्हणजे घड्याळ घेऊन समोर बसलेला हा नवरा. मला दाखवायला तू पळतेस, आणि पळालीस की पुढचा तुकडा नजरेतून निसटतो. बसमध्ये जे बोललो ते मागे घेतो. घड्याळ घरी ठेवून मी बाहेर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसेन. खुर्ची रिकामी दिसली तर रुसू नकोस. म्हणशील, एवढ्या जणांच्या खडखडाटात माझा क्यूब तुम्हाला काय कळणार? अगं, बिघडलेलं मशीन मी गल्लीतून ओळखतो. न थांबता चालणारं ओळखणार नाही?

तुझाच, भिंतीपलीकडचा,
असानकुल