आप्पासोंची फोर्कलिफ्ट सांगलीला निघाली

सातारा, कार्तिक, १९७६

तीर्थस्वरूप लालासाहेब दाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा, हंबीररावचा, वाकून रामराम. इकडं सगळी खुशाली आहे. तुमच्या गुडघ्याचं दुखणं आणि आमच्या आक्काचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे.

दाजी, तुम्ही जिथं फोरमन, तो सांगलीचा कारखाना घेणाऱ्या मुंबईच्या कंपनीनं परवा आमचाही घेतला. तुम्ही बनवता त्या फोर्कलिफ्टला मी आजवर प्रत्येक लग्नात नावं ठेवली (आमच्या यंत्राला ‘गुळाचा गाडा’ तुम्हीच म्हणालात), आता दोन्ही यंत्रांचं आडनाव एकच.

साहेबलोक पाहणीला आले. मी पलटणीत ड्रायव्हरकी केलेला, म्हणून यंत्र चालवून दाखवायचा मान मला. समोरची पेटी उचलायची होती. पण टाळ्या पडल्या, मी छाती पुढं काढली, आणि काटे शिरले ते सत्काराच्या टेबलाखाली. हार, नारळ, पेढ्यांचं ताट, सगळं पार छताच्या पत्र्याला टेकलं (मोठ्या साहेबांचा चष्माही त्यातच होता). पेढा मात्र एक सांडला नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, यंत्र फार चांगलं आहे, म्हणून ते आता सांगलीत बनवू. साताऱ्याची शेड बंद.

मला आमचं पहिलं यंत्र आठवलं. लष्कराच्या भंगारातलं इंजिन, आणि जोडकाम खुद्द आमच्या मालकांचं, आप्पासोंचं. यमाईच्या पाया पडायला म्हणून औंधला नेलं, तर चढाला बंद पडलं. ओझं उचलायचं यंत्र आम्हीच ढकलत वर नेलं. पुढून दोर ओढायला आप्पासो, धोतर खोचून. खाली उतरल्यावर सगळ्यांनी एका पंगतीत भाकरी खाल्ली. तसली भूक पुन्हा लागली नाही.

सह्या करून आप्पासो शेडमध्ये आले. म्हणाले, “हंबीर, तुमा समद्यांची नोकरी लिवून घेतलीया.”

मी विचारलं, “आन् तुमी?”

ते म्हणाले, “माझं इचारायचं ऱ्हायलंच, गड्या.”

बाकी सोमवारी सांगलीत कामावर आलो की समक्ष बोलू.

आपला,
हंबीरराव

ता. क. : कारखान्यात चारचौघांत ‘मेव्हण्या’ म्हणून हाक मारू नये. खोली आक्काच्या घरापासून जरा लांब बघावी.

दुसरा ता. क. : खोल्या दोन बघा. आप्पासोही येताहेत. घरी त्यांना आता कुणी नाही. ‘सांगलीच्या फोरमनला यंत्र जुळेना, तुम्हाला बोलावलंय,’ असं मी त्यांना तुमच्या नावानं सांगून बसलोय. तेव्हा दाजी, सोमवारपर्यंत कायतरी बिघडवून ठेवा.