बोट कलते

तापोळा, ता. १२ जानेवारी

सौ. मैनास,
साईनाथकडून आईला नमस्कार, मनस्वीला पापा नि तुला खूप आठवण.

मी इथं बरा हाय. खोकला गेला, जेवण मालकाकडंच मिळतं. आईचा गुडघा कसा हाय? फोनवर सगळे ऐकतात म्हणून लिहितो. हे पत्र मनस्वीला वाचायला देऊ नको, तूच वाच.

आज एक नवरा-बायको दिवसभर माझ्या मोटरबोटीत होते. तापोळ्याच्या धक्क्यावरून बामणोलीला गेलो, तिथं जेवून पुढच्या धक्क्याला, मग परत. तो सारखा तिचे उडणारे केस सावरत होता. मी पाण्याकडं बघायचं सोडून त्यांच्याकडंच बघत होतो. शेवटी बोललो, "साहेब, बोट कलते. तुमी पुढं बसा, मॅडमना मागं इंजिनाजवळ बसू द्या."

बोट कुठं कलत होती. पण बिचारे मुकाट उठले. परत येईपर्यंत ती माझ्या शेजारी बसून गप्पा मारत होती आणि तो पुढून मान वळवून वळवून बघत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुझा भरतदादा सांगत होता, आपल्या गावच्या दिनेशनं बोटीला नवीन इंजिन बसवलंय आणि तू बाजाराला त्याच्याच बोटीनं धरणाचं पाणी ओलांडतेस. चांगलं हाय, पायी फेरा वाचला. मी काय बोलत नाय. फक्त बोटीत कुठं बसतेस तेवढं कळव.

आणि दिनेश कधी बोलला, बोट कलते, मागं इंजिनाजवळ ये, तर जागची हलू नको गो.

तुझाच,
साईनाथ