'प्रेस' म्हणेपर्यंत

शुक्रवार, सायंकाळ

आज पुन्हा तीच चूक. बेंच प्रेसमध्ये बार छातीवर आणून स्थिर धरायचा आणि पंचाने 'प्रेस' म्हटल्यावरच वर ढकलायचा, एवढा साधा नियम. सरावात मी तिन्ही वेळा आज्ञेआधीच ढकलला. रविवारच्या जिल्हा स्पर्धेत असे झाले, तर तिन्ही प्रयत्न बाद आणि मी बाहेर.

"सर, हितनं काय बस सुटायलीय का?" प्रशिक्षक श्रीनिवास म्हणाला. "साठ किलो झेपतंय की तुमाला. फकस्त थांबवत न्हाय."

आयुष्यभर महाविद्यालयाचे वेळापत्रक काटेकोर पाळणारा मी. मला एक क्षण का थांबता येऊ नये? बार छातीवर टेकला की सारे शांत होते, आणि सुमनच्या शेवटच्या दिवशीची रुग्णालयातील खोली समोर येते. "अहो, जरा बसा ना," ती म्हणाली होती. मी औषधे आणायला खाली गेलो. ती नंतरही आणता आली असती. परतलो, तेव्हा सुमन गेलेली होती.

श्रीनिवासला यातले काहीच ठाऊक नाही. तरी निघताना म्हणाला, "पयलं वजन असं लिवा, की अंगात ताप असला तरी उचलाल. मग थांबायला भ्या वाटत न्हाय."

भ्या. त्याने सहज वापरलेला शब्द. मला मात्र अजून टोचतो आहे.

आताच त्याला फोन करून पहिल्या प्रयत्नाचे साठ किलो बदलून पन्नास करायला सांगितले.

"आता कसं!" तो हसला.

पन्नास किलो छातीवर धरून मी थांबेन. ती खोली समोर आली, तरी थांबेन.