बाबांच्या कवितेतला चंद्र

सिंदी, मंगळवार, १४ डिसेंबर १९५४

बाबांवरची कविता आज पुन्हा फाडली. चंद्र, विझती समई, गळलेलं फूल, सगळं एका कडव्यात कोंबलं, पण दुःख कुठेच नाही. आईला वाचून दाखवली हीच चूक. म्हणाली, "तुहा बाप त भर दुपारी गेलता. हा चंद्र कुठून आनला?"

चिडून तिथेच कागद फाडला. कापूस निवडता निवडता तीच सहज बोलली, "आपला बैल अजून त्या बाभळीखाली थांबते. तुहा बाप तिथं तंबाखू मळे ना."

बाभूळ, तंबाखू, थांबलेला बैल. एवढंच शेजारी शेजारी ठेवलं तिने. मी मात्र चार महिने चंद्रच घासतोय. मला बैल दिसला नव्हता का? रोज दिसतो. आळशी झालाय म्हणून त्याच बाभळीखाली मी त्याला चाबूक मारतो.