बिनगुळाचं खाजं

५ जानेवारी, सकाळी ६.१०
कंपनीचं नाव ठरलं. सत्यवान हेल्दी फूड्स, मसुरे. उत्पादन एकच, खाजं. जत्रेतलं खाजं म्हणजे बेसनाच्या तळलेल्या काड्या, वर आलं घातलेला गूळ. माझं खाजं नाचणीचं, भाजलेलं. बिनतेलाचं, बिनमिठाचं, बिनगुळाचं. संस्थापक, मॅनेजर आणि ब्रँड मी. बायको (मथुरा) भाजेल.

६ जानेवारी
देवळात गाऱ्हाणं घातलं. मजकूर मी स्वतः लिहून दिला होता. गाऱ्हाणं घालणारे बाबलीकाका कागद बघून म्हणाले, "देवाक स्टार्टअप समजाचा नाय. मी माझ्या तोंडान सांगतंय." आणि "ह्या घरातल्या धंद्याक यश दी रे म्हाराजा" एवढ्यावर आटपलं. मी स्पष्ट 'सत्यवानाच्या धंद्याक' लिहिलं होतं. असो. मागण्यापाठोपाठ 'व्हय म्हाराजा' म्हणायला चारच माणसं, म्हणून मीच जोरात म्हटलं.

२० जानेवारी
पहिला लॉट तयार. शेजारच्या विश्रामकाकांचा दात पडला. तो आधीपासून हलत होता. मथुरा म्हणते, "अवो, जरासो गूळ घाला. लोकांच्या घशाखाली उतराक होया मां." तिला हेल्दी या शब्दाचा अर्थ शांतपणे समजावून सांगितला. पाऊण तास लागला.

२२ फेब्रुवारी, आंगणेवाडीची जत्रा
स्टॉल लावला. लोक तुकडा चावत, हसत, पुढे जात. हसले म्हणजे आवडलं. चार वाजेपर्यंत नाचणीवर बोलून घसा बसला, म्हणून चहाला गेलो. परत येतो तर स्टॉलवर ही गर्दी. मथुरेने माझ्याच काड्या गूळ-आल्याच्या पाकात घोळवून, घरूनच डबे भरून आणले होते. म्हणजे पूर्वनियोजित कट. दगा द्यायला घरचंच माणूस निघावं याचं फार वाईट वाटलं. तत्त्व म्हणून चाखलंसुद्धा नाही. सहाला डबे रिकामे. माझ्या बोलण्याचा परिणाम उशिरा झाला एवढंच.

१५ एप्रिल
मालवणात चार दुकानं, कणकवलीत दोन, आता खारेपाटणहून फोन. सगळ्यांना गुळाचं हवं. बिनगुळाचं प्रीमियम आहे, त्याला वेळ लागतो. विनीता आणि सलोनी कामाला यायला लागल्या. काही अडलं की मथुरेला विचारतात, मला नाही. किरकोळ गोष्टी वरपर्यंत येऊ नयेत, तेव्हा हे बरोबरच आहे.

३ जून
नवं पाकीट छापून आलं. त्यावर 'मथुराचं खाजं'. म्हणे दुकानदारच तसं मागतात. माझा फोटो निदान मागच्या बाजूला तरी? मागे कॅलरी छापल्यात. ती कल्पना माझीच होती.
निषेध म्हणून जेवलो नाही.
९.१५. जेवलो. कुळथाची पिठी होती.

११ जून
आजपासून सल्ला देणं बंद. कंपनी आठ दिवसांत कोसळेल. मग येतील.

१९ जून
कोसळली नाही. शिरोड्याच्या एका रिसॉर्टची ऑर्डर आली. सलोनीला सहज विचारलं, हल्ली काही वेगळं जाणवतं का. म्हणाली, "होय तर. पंखो दुरुस्त केलो मां." माझा सल्ला बंद झाल्याचं कुणाला कळलेलंच नाही. हे मात्र लागलं.

२ ऑक्टोबर, दसरा
परसात नवी शेड. सकाळी गाऱ्हाणं. साठेक माणसं जमली. मी पुढे उभा राहिलो, डोळे मिटले, हात जोडले. या वेळी कागद दिला नव्हता. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना बाबलीकाका नाव चुकणार नाहीत अशी खात्री होती.
"बा देवा म्हाराजा, ह्या मथुरेन जो धंदो उभो केल्यान, तेका यश दी रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा."
"आणि हिच्या घोवाक सुबुद्धी दी. बिनगुळाचा जा काय खूळ तेच्या डोक्यात आसा, ता काढून टाक रे म्हाराजा."
"व्हय म्हाराजा."
सगळ्यात मोठा आवाज माझा होता. सवयीने गेला. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मथुरा पदर तोंडाला लावून हसत होती.
नंतर तिने प्रसाद वाटला. खाजं, गुळाचं. प्रसादाला नाही म्हणता येत नाही.
दोनदा मागून घेतलं.